बारावा फर्मा

काचेपलीकडच्या बाईनं आवाज यायच्या आधीच बोट वर केलं.

कानवालीनं यंत्राकडे पाहिलं. बटण तर अजून दाबलेलंच नव्हतं. कान तपासायच्या या दवाखान्यात तिला नऊ वर्षं झाली होती आणि पेशंट तिला 'कानवाल्या मॅडम' म्हणूनच ओळखत. नऊ वर्षांत त्या छोट्या बंद खोलीत तिनं नाना तऱ्हेची माणसं बसवली होती. ऐकू येऊनही मुद्दाम गप्प बसणारी, ऐकू येत नसताना बायकोकडे बघून बोट वर करणारी, हेडफोन चढवताच डुलक्या घेणारी. पण न वाजलेल्या आवाजाला दाद देणारी ही पहिलीच.

तिनं माईक सुरू केला. "आवाज आला की मगच बोट वर करायचं."

"हो का? मला वाटलं, आता येईलच."

"येईलच आणि आला, यात फरक असतो."

"असतो ना," पलीकडची हसली, "पण वाट बघण्यात किती वेळ जातो हो मॅडम!"

त्या दिवशी जवळच्या छापखान्यातल्या लोकांची वार्षिक तपासणी होती. यंत्रांच्या खडखडाटात काम करणाऱ्यांचे कान वर्षातून एकदा तपासायचे, असा तिथला नियम. ही रांगेतली शेवटची. पुस्तकबांधणी खात्याची प्रमुख. नखांच्या कडेला वाळलेला गोंद, केसांत अडकलेला कागदाचा एक कपटा, आणि कुणीतरी आत्ताच कानात गंमत सांगून गेल्यासारखा चेहरा. कानवालीनं हे सगळं पाहिलं. लिहून मात्र काही ठेवलं नाही, कारण तपासणीच्या कागदावर तसा रकाना नसतो.

एक कान उत्तम निघाला, दुसरा थोडा संशयास्पद. "तीन आठवड्यांनी पुन्हा या," कानवाली म्हणाली. "आदल्या दिवशी सुट्टी घ्या आणि यंत्रांपासून लांब राहा. मग खरं काय ते कळेल."

बांधणीवाली उठली, पण गेली नाही. टेबलावर एक मासिक पडलं होतं. ते तिनं उचललं आणि एकदम तिच्या डोळ्यांत चमक आली.

"हे वाचता तुम्ही?"

"चाळते कधीमधी."

हे साफ खोटं होतं. त्या मासिकात दर महिन्याला एक सदर यायचं. बाईनं बाईवर केलेल्या प्रेमाच्या ज्या नव्या कादंबऱ्या हल्ली निघतात, त्यांची परीक्षणं. खाली सही 'एक वाचक'. तो एक वाचक म्हणजे कानवालीच, आणि ही गोष्ट तिच्या मावशीखेरीज आणि मासिकाच्या संपादकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. तिची परीक्षणं थंड डोक्याची म्हणून नावाजलेली. नायिका पावसात भिजत रडतेय आणि ही लिहिणार, 'प्रसंग दोन पानं लांबला आहे.' वाचकांना ते आवडायचं. रडायला बाकी सगळे होतेच.

"मग या 'एक वाचक'चं वाचा," बांधणीवाली म्हणाली. "हसून हसून पोट दुखेल."

"का बरं?"

"सांगू? पण कुणाला बोलायचं नाही हं. तुमच्या या खोलीतून आवाज बाहेर जात नाही ना?"

"नाही जात."

"पुस्तक छापताना सोळा-सोळा पानांच्या घड्या करतात. त्या घडीला फर्मा म्हणायचं. एक कादंबरी आली होती आमच्याकडे, लिफ्ट दुरुस्त करणारी आणि सातव्या मजल्यावरची शिवणवाली, अशा दोघींची. बारा फर्म्यांची. टेबलावर बारा गठ्ठे मांडायचे, भोवती फिरत एकेक उचलायचा, की झालं पुस्तक. आता मी काय केलं, तर बारावा गठ्ठाच उचलून माझ्या स्टुलापाशी ठेवला आणि वरचा एक फर्मा घेऊन वाचत बसले. काय करणार, दोघी लिफ्टमध्ये अडकल्या होत्या! माझं लक्ष जाईपर्यंत बायकांनी अकराच गठ्ठ्यांतून दहा प्रती जुळवल्या. शिवून, चिकटवून, कव्हर चढवून तयार! म्हटलं, उद्या दुरुस्त करू. सकाळी बघते तर ऑफिसवाल्यांनी नेमक्या त्याच दहा परीक्षणासाठी रवाना केलेल्या."

कानवालीनं तपासणीचा कागद उगीचच सरळ केला. "मग?"

"मग काय, जीव मुठीत धरून बसले. आता फोन येणार, आता मालक बोलावणार... आणि आलं काय, तर हे!" तिनं पान उघडून वाचायला सुरुवात केली. "'नायिका काहीच बोलत नाही आणि लेखिकाही नाही. समाप्त हा शब्द छापण्याचा मोहसुद्धा तिनं टाळला आहे. इतका संयमी शेवट अलीकडे वाचनात आला नव्हता.' संयम कसला डोंबलाचा! फर्मा माझ्या स्टुलापाशी होता!"

ती खळखळून हसली. कानवालीही हसली, निदान ओठ तरी तसे केले. कान तापले होते, आणि ते तापण्यावर दवाखान्यात कसलंही औषध नव्हतं.

"लेखिकेनं तक्रार नाही केली?"

"ती परीक्षणं वाचत नाही म्हणे. शहाणी बाई आहे. आणि मालकांना मी सांगितलं नाही. पहिल्यांदा सांगतेय ते तुम्हालाच." मग जरा गंभीर होऊन ती म्हणाली, "वाईट एवढंच वाटतं, की शेवट फार सुंदर आहे हो. ती बोलते शेवटी. काय बोलते म्हणता!"

"तो फर्मा... मिळेल मला वाचायला?"

बांधणीवालीनं भुवई उंचावली. "म्हणजे पहिले अकरा वाचलेत तुम्ही? चाळता म्हणालात ना नुसतं?"

"मासिक चाळते," कानवाली म्हणाली. "पुस्तकं वाचते."

"आणि तीसुद्धा... असली?"

"असलीच."

मग बांधणीवालीनं केसांतला कपटा काढून टाकला, जणू तो तिथं आहे हे तिला आत्ताच आठवलं.

घरी आल्या आल्या कानवालीनं पुस्तक उघडलं. शेवटचं पान एकशे शहात्तर. शेवटचं वाक्य: 'आणि ती काहीच बोलली नाही.' अकरा गुणिले सोळा, एकशे शहात्तर. हिशेब दुसरीतल्या पोरालाही जमला असता.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," सगळं ऐकून मावशी पलंगावरून म्हणाली. आई गेल्यापासून दोघी एकत्र राहत, आणि कानवालीनं वाचून ठेवलेली प्रत्येक कादंबरी मावशी दुसऱ्या दिवशी हातात घेई. "म्हटलं, हे मध्येच तुटल्यासारखं वाटतंय. तर तू काय म्हणालीस? मावशी, यालाच आधुनिक म्हणतात."

"आठवतंय मला."

"मी आपली गप्प बसले. म्हटलं, असेल बाई आधुनिक."

कानवालीला तो शेवट आवडला, यालाही कारण होतं. सहा वर्षांपूर्वी तिचं एकीवर प्रेम होतं. त्या मुलीला परगावी नोकरी लागली. निघताना ती दाराशी पिशवी खाली ठेवून बराच वेळ उभी राहिली, हिनं काहीतरी बोलावं म्हणून. ही म्हणाली, "पोचल्यावर कळव." तिनं कळवलंही. पुढं सगळं संपलं, आणि त्या गप्प बसण्याला कानवाली मनातल्या मनात संयम म्हणत आली.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत दोघी चौकातल्या बागेत भेटल्या. अशा गोष्टींत या ठिकाणी पाऊस यायचा असतो. इथं लख्ख ऊन होतं आणि माळ्याची नळी गळत होती, त्यामुळे बाकाचं एक टोक ओलं होतं. दोघींना कोरड्या टोकाला सरकून बसावं लागलं. माळ्याचे उपकार.

बांधणीवालीनं पिशवीतून फर्मा काढला. कडा न कापलेला, घडीचा, त्यामुळे निम्मी पानं एकमेकांना जोडलेलीच. कानवाली बोटानं फाडायला गेली तशी हिनं तिचं मनगट धरलं.

"अहो, अहो! कागदाचा जीव घ्याल. पट्टी घ्या. हं, आत सरकवा... आता ओढा. हळू. घाई केली की दातरे पडतात."

"सगळ्यांना असं हात धरून शिकवता?"

"नाही," ती म्हणाली. "बाकीच्या आपापल्या शिकतात."

एक पान कापायचं, ते दोघींनी वाचायचं, मग पुढचं कापायचं. लिफ्टवाली बोलायला लागली तेव्हा कानवालीनं पट्टी खाली ठेवली. ती काही फार नटवून बोलत नव्हती. 'मला तुझ्याकडे यायला कारण लागतं, म्हणून मी तुमची लिफ्ट दोनदा स्वतःच बिघडवली,' एवढंच. मग शिवणवाली म्हणते, 'तीनदा. एकदा मी बिघडवली होती.'

बांधणीवालीनं तिच्याकडे वळून पाहिलं. "डोळ्यांत पाणी?"

"ऊन आहे."

"ऊन पाठीमागून आहे मॅडम."

त्यानंतरच्या दोन्ही मंगळवारी त्या भेटल्या, आणि मधल्या गुरुवारीही. बांधणीवाली कादंबऱ्या फर्म्यांनीच वाचायची, आणि फर्मे यंत्रातून येतील त्या क्रमानं. त्यामुळे तिला भांडण आधी कळायचं, लग्नाला नकार त्यानंतर आणि पहिली भेट सगळ्यात शेवटी. "बरं असतं," ती म्हणायची. "पहिली भेट वाचताना मला ठाऊक असतं, या दोघी पुढं काय काय सोसणार आहेत. मग त्या नुसत्या 'पाणी घेणार का' म्हणाल्या तरी भरून येतं."

कानवालीनं इतक्या वर्षांत शंभराच्या वर कादंबऱ्या वाचल्या होत्या, पण कुणाच्या बोलण्यासाठी घड्याळाकडे बघत बसण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती. ती आता आली. ती बांधणीवालीच्या प्रेमात पडली होती, आणि पडताना नेहमीच्या सवयीनं बघतही होती. पहिली भेट ठीक. संवाद चुरचुरीत. एका पात्रानं दुसऱ्यापासून मोठी गोष्ट लपवली आहे.

शेवटच्या मुद्द्यापाशी ती अडायची. दर भेटीला ती ठरवून जायची, आज सांगायचं. आणि दर भेटीला बांधणीवाली 'एक वाचक'ची नक्कल करून दाखवायची, नाकावर चष्मा ओढून, "प्रसंग दोन पानं लांबला आहे!" नक्कल इतकी हुबेहूब, की हिचं तोंड उघडायचंच नाही.

मग संपादकांनी एका वाचक बाईंचं पत्र पाठवलं.

'तुमचं सदर आम्ही दोघी नेमानं वाचतो. माझं वय बावन्न, तिचं पंचावन्न. स्वयंपाक करताना एकीनं वाचायचं आणि दुसरीनं ऐकायचं, असा आमचा शिरस्ता आहे. ती लिफ्टची कादंबरी मागवणार होतो. पण शेवटी ती काहीच बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंत, म्हणून बेत रद्द केला. न बोलण्यात आमची बावीस वर्षं गेली आहेत. आता पुस्तकात तरी नको. वेळेवर सांगितल्याबद्दल आभार.'

कानवालीनं पत्र दोनदा वाचलं. आभार या शब्दापाशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक छापून सांगायला हवी होती, आणि येत्याच अंकात. पण ते छापून आलं की छापखान्याचे मालक विचारणार, हा घोळ झाला कुणामुळे. आणि 'एक वाचक'ला हे कळलं कुणाकडून, ते बांधणीवालीला न विचारताच समजणार. सांगायचं तर तिला आधी सांगायला हवं, आणि सांगितलं तर ती जाणार. मावशीला विचारलं तर मावशी म्हणाली, "माझं मत विचारू नकोस. मला अर्धवट पुस्तक आधुनिक वाटलं होतं."

तीन आठवडे झाले. बांधणीवाली ठरल्याप्रमाणे पुन्हा तपासायला आली, काचेपलीकडे बसली, हेडफोन चढवले. या वेळी शब्दांची तपासणी होती. इकडून एकेक शब्द म्हणायचा, तिकडून तोच परत यायला हवा.

"खिडकी," कानवाली म्हणाली.

"खिडकी."

"कागद."

"कागद. सोपे देताय की!"

"आता वाक्यं." तिनं माईक जवळ ओढला. "आज मंगळवार आहे."

"आज मंगळवार आहे."

"मी तुमच्याशी खोटं बोलले."

"मी तुमच्याशी खोटं... ही कसली वाक्यं हो?"

"ते परीक्षण मी लिहिलंय. 'एक वाचक' मीच."

तिकडून काही आलं नाही. काचेतून फक्त चेहरा दिसत होता, आणि त्यावरची गंमत हळूहळू उतरत गेली. तिनं हेडफोन काढले, नीट खुंटीला अडकवले, आणि बाहेर आली.

"मी ज्या दिवशी सांगितलं, त्याच दिवशी का नाही बोललात?"

"लाज वाटली. आणि मग... तुम्ही यायच्या बंद व्हाल, याची भीती वाटली."

"मी तुमच्यापुढं तुमचीच नक्कल करत होते. तीन आठवडे! आणि तुम्ही ऐकत बसलात. बागेतसुद्धा तुम्ही काच घेऊनच येत होतात." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "माझ्याच चुकीचं हसू येत होतं मला. माझी चूक माझी मी पोटात ठेवली होती. तुमच्यावर विश्वास टाकून सांगितली."

"मी चूक छापून सांगणार आहे. तुमचा उल्लेख येणार नाही."

"येवो ना येवो," ती म्हणाली आणि गेली. कान दोन्ही उत्तम निघाले होते. कानवालीनं तसं लिहिलं आणि कागद फाइलला लावला.

पुढच्या अंकात सदराच्या जागी एवढंच आलं:

'गेल्या अंकात मी एका कादंबरीच्या शेवटाची स्तुती केली. तो शेवट नव्हताच. माझ्या प्रतीत शेवटची सोळा पानं नव्हती. पानं मोजणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. ती नाहीत हे मला जाणवलंसुद्धा नाही, कारण न बोलता संपणारी गोष्ट माझ्या सोयीची होती. मीही एकदा अशीच गप्प बसले आहे आणि त्याला संयम म्हणत आले आहे. तो संयम नव्हता. मी घाबरले होते. खऱ्या पुस्तकात ती बोलते आणि दुसरी ऐकते. शेवट गोड आहे. ज्यांनी माझं ऐकून पुस्तक यादीतून काढलं, त्यांनी ते आजच मागवावं.'

खाली 'एक वाचक' नव्हतं. सही तिनं स्वतःची केली होती.

मावशीनं ते चष्मा पुसून वाचलं. "पहिल्यांदाच काहीतरी बरं लिहिलंस," ती म्हणाली. मग मासिक मिटून म्हणाली, "आता छापखान्याकडे जा. छापलंस ते सगळ्यांसाठी. जिला सांगायचं ती मासिकात राहते का?"

कानवाली छापखान्यात पहिल्यांदाच जात होती. नऊ वर्षं तिनं या आवाजाचे परिणाम कागदावर मांडले होते, आवाज प्रत्यक्ष आज ऐकला. बांधणीच्या हॉलमध्ये लांबलचक टेबल, त्यावर ओळीनं गठ्ठे, आणि भोवती सहा बायका एकामागून एक फिरताहेत, फर्मे उचलताहेत. तिसरी बांधणीवाली होती. खातेप्रमुखाच्या स्टुलावर दुसरीच कुणीतरी बसली होती.

"तुम्ही... इथं?" कानवालीनं विचारलं.

"उभं राहू नका, रांग अडते," बांधणीवाली तिच्याकडे न बघता म्हणाली. "बोलायचं तर फिरायला लागा."

ती रांगेत शिरली. मागच्या वयस्कर बाईनं तिला जागा दिली आणि वर कोपरानं ढोसलंही. "उचला हो, रिकाम्या हातानं काय फिरता!"

"स्टूल कुठं गेलं तुमचं?" कानवालीनं पुढच्या पाठीला विचारलं.

"सहा महिन्यांसाठी गेलं. तुमच्याकडून निघाले ती तडक मालकांकडे गेले, सांगून टाकलं. तुम्ही खरं बोलणार आणि मी काय स्टूल धरून बसू?"

"माझ्यामुळे..."

"सगळं अंगावर घ्यायची हौसच तुम्हाला! माझ्यामुळे गेलं. वाचत मी बसले होते." एक फेरी पुरी झाली. "छापलेलं वाचलं मी. दोनदा."

"मग?"

"मग काय? ते वाचकांना लिहिलंत. मला काय सांगायला आलात?"

कानवालीनं आजूबाजूला पाहिलं. पाच बायका, दहा कान, आणि सगळे सराईत. या खडखडाटातही एक अक्षर सुटलं नसतं.

"मला... तुमच्याबरोबर वाचायला आवडतं."

मागची बाई फणकारली. "हे म्हणजे वाचनालयाची वर्गणी भरल्यासारखं झालं!"

बायका खुसखुसल्या. पुढची पाठही किंचित हलली, पण चालत राहिली. सातवा, आठवा, नववा. कानवालीला दाराशी ठेवलेली ती पिशवी आठवली, आणि तिनं हातातले फर्मे छातीशी घट्ट धरले.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "तू आली नाहीस तर माझे मंगळवार जात नाहीत. मला तू हवी आहेस. अजून रागावलेली असलीस तरी चालेल."

बांधणीवाली थांबली. मागच्या सगळ्या एकमेकींवर आदळल्या आणि कुणाच्या तरी हातातले फर्मे जमिनीवर पसरले.

"अगं बोल ना आता," मागची बाई कळवळून म्हणाली, "माझे पाय दुखायला लागले!"

बांधणीवाली वळली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळे भरले होते, आणि इथं ना ऊन होतं ना पाऊस.

"राग आहेच," ती म्हणाली. "आठवडाभर राहील, सांगून ठेवते. आणि माझंही तुझ्यावर प्रेम आहे. तेही सांगून ठेवते."

तिनं हात पुढे केला. कानवालीनं तो धरला, आणि मग तो सोडायचं दोघींच्याही मनात येईना. रांग तर चालायलाच हवी होती. म्हणून एकीनं उजव्या हातानं उचललं, दुसरीनं डाव्या, आणि त्या फेरीत दोघींची मिळून एकच प्रत झाली.